पोर्टलवरून मागवलेला सुटा भाग

घाटाकडच्या एका सरकारी दवाखान्यात मी भांडारपाल होतो. ऐन थंडीत नवजात बाळांना ऊब देणारं मशीन बंद पडलं. त्याचा सुटा भाग कोल्हापुरातल्या दुकानात मिळत होता, पण खरेदी करायची ती केंद्र सरकारच्या पोर्टलवरूनच, असा वरून आदेश होता. मी मागणी नोंदवली. तीन आठवड्यांनी पार्सल आलं, त्यात दुसऱ्याच मॉडेलचा भाग निघाला. तो परत पाठवला, त्याच दिवशी एक अगदी कमी वजनाचं बाळ जन्मलं. त्याला कोल्हापूरला नेताना ते अ‍ॅम्ब्युलन्समध्येच गेलं.

दोन दिवसांनी त्याचा बाप माझ्यापुढं उभा राहिला. "सायेब, ह्यो पार्ट कोल्हापुरात मिळत न्हवता व्हय?"

"मिळत होता," मी म्हणालो.

नोटीस येईल म्हणून मी तो आणला नव्हता. हे मात्र त्याला सांगवलं नाही.