टायटॅनियमचा तवा आणि माझा उत्साह

आमच्या घरात मला भांडी घासायला सक्त बंदी आहे. हे भाग्य मला फुकट मिळालेलं नाही, मी ते कमावलंय.

माझी आई मालवणची. मुलुंडच्या सातव्या मजल्यावरही तिला सकाळी घावणे करायचेच असतात. पण बिडाचा जड तवा तिच्या हातांना पेलेना, म्हणून परदेशात नोकरी करणाऱ्या माझ्या मुलीने, मुग्धाने, आजीसाठी हलका टायटॅनियमचा तवा पाठवला. पहिला घावणा त्याला असा चिकटला, की मी छिन्नी शोधू लागलो! आई मात्र हरली नाही. अर्धा कांदा तेलात बुडवून ती रोज तवा घासायची, अगदी बिडाच्या तव्यासारखा. हळूहळू तवा काळाकुट्ट झाला आणि घावणे अलगद सुटू लागले.

"आता येऊ दे माझी नात!" आईने मजलाभर जाहीर केलं.

मुग्धा यायच्या दिवशी आई देवळात गेली आणि माझी नजर तव्यावर पडली. शी! पोरगी काय म्हणेल? मी (निवृत्त, म्हणजे उत्साहाला लगाम नाही) तव्यासोबतचा माहितीचा कागद काढला. करपल्यास सोडा घालून पाणी उकळा, मऊ घासणीने घासा.

"अहो, आईंना विचारलंत का?" बायको म्हणाली.

"अगं, सरप्राइज!"

उकळलं, घासलं, वर लिंबूही चोळलं. तव्यात माझा चेहरा दिसू लागला. तो बघूनच थांबायला हवं होतं!

आई परतली. "माझो तवो खंय?"

"हाच की!"

"ह्यो माझो न्हय."

मी हसलो. एकटाच.

मुग्धा आली. पहिला घावणा चिकटला, दुसरा फाटला, तिसऱ्याचा उपमा झाला.

"आजी, तवा कोरा करकरीत आहे गं. वापरलाच नाहीस ना? आवडला नाही?"

आईने माझ्याकडे एकदा पाहिलं. "जपून ठेवलंय गो, तुझ्यासाठी."

त्यापेक्षा तिने मला उलथनं फेकून मारायला हवं होतं. फार वाईट वाटलं. सुट्टी संपली आणि नात पाव-बटर खाऊनच परत गेली.

आता आईने कांदा पुन्हा हातात घेतलाय. चिकटलेले घावणे खरवडून माझ्या पुढ्यात येतात, आणि मी "झकास!" म्हणत गिळतो. परवा भीत भीत विचारलं, "माझी ताटली तरी विसळू?"

"ठेवा ती तिथेच!" बायको ओरडली. आईने आधी तवा उचलून छातीशी धरला.