देवाजीच्या पोटाचा नंबर

सावली तालुक्यातल्या एका गावात होता देवाजी, माझा धाकटा दीर. त्याची बायको शांता. अन् माझी सून सुषमा, चंद्रपूरच्या एका दवाखान्यात कामाले. डॉक्टर जो आजार लिहितात, त्याचा ठरलेला नंबर ती कॉम्प्युटरमध्ये टाकते. देवाजीचं पोट बिघडलं अन् आमची ऊठबस तिथल्या वॉर्डात सुरू झाली. त्या बाकड्यावर गोष्टी कशा साचतात, ते बसल्याशिवाय नाई कळत.

*

पहिल्या डॉक्टरनं विचारलं, "जेवल्यावर दुखते?" देवाजी म्हणाला, "हो." दुसऱ्यानं तेच विचारलं, तर हा गप्प. कागदावर लिहिलं गेलं, तक्रार नाही. सुषमा चिडली, "काकाजी, काऊन नाई सांगतलं?"

"त्याले सांगतलं ना. एका छपराखाली राह्यते, आपसात बोलत नाई का?"

*

शेजारच्या खाटेवर घुग्घुसचे शेखचाचा, टेलर. सुषमा समजावत होती, नुसतं पोट लिहून भागत नाई, जठराचा वरचा भाग का खालचा, तेही लागते.

चाचा म्हणाले, "बराबर है. गिऱ्हाईक नुसतं शर्ट फाटला म्हणते. कॉलर का बाही, ते सांगितल्यावर सुई लागते."

*

दुर्बिणीनं आतला तुकडा काढून तपासला. जठराच्या खालच्या तोंडाशी कॅन्सर निघाला. शांतानं तरुण डॉक्टरचे पाय धरले. "आमचे मालक कागद वाचतात साहेब. तो शब्द लिहू नका." डॉक्टर पाघळला. लिहिलं, 'पोटात गाठ'.

ऑपरेशन सरकारी योजनेतून व्हायचं होतं. योजनेच्या ऑफिसातून कागद परत आला. कसली गाठ?

"तुले तर माहीत आहे. टाक ना कॅन्सरचा नंबर," मी सुषमाले म्हटलं.

"आई, मले माहीत असून चालत नाई. डॉक्टर लिहिन तेच मी टाकते."

शांता ऐकेना. दिवस जाऊन राह्यले होते, अन् गाठ काही कागदासाठी थांबणारी नव्हती.

*

शेवटी देवाजीच डॉक्टरच्या टेबलापाशी गेला. "कॅन्सर लिहा साहेब. तुमी दुर्बीण काढली तवा तुमचं तोंड पाहूनच समजलं मले."

"मग इतके दिवस बोलले का नाही?"

"बायकोले कळलं असतं."

*

ऑपरेशन झालं. अर्धं जठर गेलं, देवाजी राह्यला. डॉक्टरनं थोडं थोडं, घडीघडी खायला सांगितलं. धानाच्या कापणीत सगळे दुपारी एकदा जेवत, याची शिदोरी मात्र बांधावर सारखी उघडी. शांता विळा ठेवून भरवायला बसे.

बाया हसल्या, "काऊन वं, म्हातारपणी नवऱ्याचे एवढे लाड?"

शांता म्हणाली, "लाड नाई. डॉक्टरनं लिहून देल्लं."