वाचल्याची सही

गुरुवार, ऐन उन्हाळा, कुवेतच्या शुऐबा बंदरातल्या गोदामाचं ऑफिस. हजर: सर्व्हर विभागाचे प्रमुख दाऊदभाई परकार, मॅनेजर अबू सालेम आणि कामांच्या याद्या करणारी मी. बाहेर, गेटपास छापून येण्याची वाट बघणारे ट्रकचालक.

दाऊदभाई त्या चालकांतच उभे होते. सर्व्हर मंदावल्याची तक्रार आली की ते आधी गेटवर जात. "माणसं कुठं थांबलीत ते बघावं, म्हणजे मशीन कुठं थांबलंय ते कळतं." रत्नागिरीकडच्या खाडीकाठचा हा माणूस; केस मात्र कुवेतमध्ये पांढरे झालेले. मला 'बाय' म्हणत आणि अबू सालेमशी अस्खलित अरबीत भांडत.

त्या दिवशी भांडायला सवड नव्हती. दुपारपर्यंत रांग हलली नाही तर सर्व्हरचं काम बाहेरच्या कंपनीला देणार, असं अबू सालेमनी सांगून टाकलं होतं. म्हणजे आमचा विभाग बंद आणि त्याबरोबर आमचे अकामे, इथं राहण्याचे परवानेही.

माझी यादी तयार होती: मेमरी वाढवणे, नवी डिस्क, रीस्टार्ट. सगळं एकदमच करू, मी म्हणाले. दाऊदभाईंनी यादी घडी घालून परत दिली.

"एका वेळी एकच, बाय. चार गोळ्या एकदम घेतल्यास तर कशानं बरी झालीस, कसं कळायचं?"

मग ते डिस्कचे आकडे बघत बसले. बऱ्याच वेळानं स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "नवे पास मोजकेच हायत. बाकी सगळे जुने पास उघडून वाचतायत. मग डिस्क एवढं लिहितेय काय?"

तिथेच गाठ सुटली. आमच्या फाइल सिस्टिमवर फाइल नुसती उघडली तरी, ती शेवटची कधी वाचली याची वेळ डिस्कवर लिहिली जायची. त्यात शिक्का मारलेला कागद टाकून द्यायची इथे कुणाची छाती होत नाही. कंपनी सुरू झाल्यापासूनचे सगळे पास स्कॅन करून एकाच डिरेक्टरीत, म्हणजे एकाच फोल्डरमध्ये, ठेवलेले, आणि गेटवरचा कारकून प्रत्येक गाडीचे जुने पास उघडून ताडून बघायचा.

दाऊदभाई हसले. "पेपर वाचायचा आणि पानापानावर वाचल्याची सही करायची. मग वाचणार कधी?"

ती वेळ कुणाला लागते का, हे त्यांनी मला बॅकअप आणि ऑडिटवाल्यांना विचारायला लावलं. कुणालाच लागत नव्हती. मग त्यांनी एक ओळ टाइप करून ती नोंद बंद केली. सर्व्हर थांबवावासुद्धा लागला नाही. परिणाम बघायला ते स्क्रीनसमोर थांबलेच नाहीत, थेट गेटवर.

प्रिंटर धडाधड पास ओकत होता. सावलीत निवांत चहा ओतून बसलेले चालक अर्धे कप फेकून गाड्यांकडे धावत होते. थोड्या वेळानं अबू सालेम बाहेर आले आणि रिकाम्या रस्त्याकडे बघत राहिले. "दाऊद, माझी रांग कुठे गेली?"

"खैरानला. सुट्टीला, समुद्रावर."

बाहेरच्या कंपनीशी करार झालाच नाही. पुढे दाऊदभाईंनी पासांची ती अवाढव्य डिरेक्टरी वर्षानुसार फोडायला घेतली, अर्थात एका वेळी एकच वर्ष. निवृत्त होऊन गावी जाताना सगळ्यात जुनं वर्ष त्यांनी मुद्दाम ठेवलं. "हे तुझं. मी नसताना कर."

माझ्या यादीतली बाकी कामं संध्याकाळपर्यंत उरकलेली असतात. या कामासाठी मात्र मी दर गुरुवारी आधी गेटवर जाऊन येते; रांग नसते, आणि त्यांनी ठेवलेलं शेवटचं काम संपवायची मलाही घाई नसते. मग परत येऊन तीच ओळ पुढच्या आठवड्याच्या यादीत उतरवते: जुनी डिरेक्टरी फोडणे.