फूल दाखव, मंग मानतो

आत्याचा विश्वास एकाच गोष्टीवर होता, स्वतःच्या अंगठ्याच्या नखावर. इंझोरीला तिचा भाजीचा मळा होता. लवकी, म्हणजे दुधी, कोवळी आहे की जून, हे ती नख रोवून पाहायची. पुढे ती खोड सगळीकडे पसरली. साबणाची वडी, नव्या लुगड्याचा काठ, माझ्या लग्नातला हारसुद्धा तिने नखाने तपासला होता. दुकानदार गोड बोलला की म्हणायची, “हासून राह्यला म्हंजे काईतरी लपवून राह्यला.”

आठवड्यातून दोनदा ती मंगरूळपीरला भाजी आणायची आणि दुपारी माझ्याकडे टेकायची. माझ्या लेकीने पुण्याहून व्हँडा ऑर्किड आणलं, तेव्हा आत्याला आयतंच सावज मिळालं. लाकडी टोपली, त्यातून लोंबणारी उघडी मुळं, आणि मातीचा कण नाही! तिने लगेच पानात नख रोवलं.

“माती नाई, तं हे खाते काय? पोरीले फसवलं कोनीतरी.”

हे हवेतल्या ओलाव्यावर जगतं, असं मी सांगितलं.

“आपल्या इकडच्या मे महिन्यात? फूल दाखव, मंग मानतो.”

दोन वर्षं फूल आलं नाही. मी रोज फवारा मारायची, तरी मुळं पांढरीफटक. पण आत्या येऊन गेली की तीच मुळं हिरवी दिसायची. ही चोरून शेणखत घालते, अशी माझी खात्रीच पटली. लेकीने हौसेने दिलेलं रोप ही मारणार! शेवटी भडकून विचारलं, “आत्या, काय टाकून राह्यली तू याच्यात?”

“मी कायले हात लावू?” म्हणत तिने भाजीची पाटी उचलली आणि चहा न घेताच गेली.

पुढे ती मळ्यात पडली, अंथरुणाला खिळली. इकडे मुळं सुकायला लागली. मी रोपवाटिकेत फोन केला. तिथला माणूस म्हणाला, नुसत्या फवाऱ्याने भागत नाही, मुळं रोज पाव तास बादलीत बुडवा. काही महिन्यांनी जांभळी फुलं आली. टोपली मांडीवर घेऊन मी एसटीने इंझोरीला गेले.

आत्याने पाकळीत नख रोवलं. ओला डाग उमटला.

“खरं हाय बाई.” मग माझ्याकडे रोखून पाहत म्हणाली, “आता बादलीत कोन बुडवते?”

माझा तो शेणखताचा संशय आठवून मला लाज वाटली.

“मीच.”

“रोज?”

महिन्याभरात आत्या गेली. एखाद्या सकाळी बादली भरायचा कंटाळा येतो. मग तिचं ते “रोज?” आठवतं आणि मी मुकाट्याने नळ सोडते.