समीकरण जिथे संपते

खैरनार सरांना मी पहिल्यांदा पाहिले ते काचेच्या नळीसमोर उकिडवे बसलेले. नळीत गोदावरीची वाळू ठासून भरलेली, वरून एरंडेल ओतलेले आणि खाली एक थेंब पडायला तयार नाही. गणिताच्या विभागात हे काय चालले आहे, म्हणून मी दारातच थबकले. "या, बसा. घाई असेल तर मात्र दुसरा विषय घ्या," सर म्हणाले. मी बसले, ती पीएच.डी. होईपर्यंत उठले नाही.

सच्छिद्र पदार्थांतून द्रव कसा वाहतो, हे सरांचे आयुष्यभराचे काम. दाब दुप्पट केला की प्रवाहही दुप्पट, असे धरून मांडलेले त्यांचे सूत्र आम्हा विद्यार्थ्यांना तोंडपाठ होते. शिकवण्याचा त्यांना कधी कंटाळा नसे. एकलहऱ्याच्या बसथांब्यावर ते मला सोबत करत आणि बोलण्याच्या नादात बस समोरून निघून जाई. घरी आईची बोलणी अर्थात मी खात असे.

प्रबंधात मात्र माझी पंचाईत झाली. प्रचंड दाबाखाली तेलच घट्ट होत जाते. ते हिशेबात धरले, तर दाब कितीही वाढवला तरी प्रवाह एका मर्यादेपुढे जात नाही. म्हणजे सरांचे सूत्र तिथे चुकत होते. मार्गदर्शकांनाच खोडून काढणारा प्रबंध पुढे जाणार कसा? तरी मी कागद त्यांच्यापुढे ठेवले. सरांनी ते घरी नेले. पुढच्या चर्चासत्रात सगळ्या विभागासमोर ते फळ्यापाशी गेले, आपले सूत्र लिहिले, त्याखाली रेघ मारली आणि म्हणाले, "माझं समीकरण इथे संपतं. पुढचं बाई सांगतील." खडू माझ्या हातात देऊन ते पहिल्या बाकावर वही उघडून बसले.

अलीकडेच माझ्या विद्यार्थिनीने दाखवून दिले, की दाबाखाली पदार्थाची छिद्रेही बदलतात. ती मी तशीच राहतील असे धरले होते, त्यामुळे माझे सूत्रही पुढे टिकत नाही. खरे सांगते, झोंबले. मी सरांना फोन केला, तर ते खळखळून हसले.

"अभिनंदन! आता तुम्ही खऱ्या गाइड झालात. खडू दिलात का तिला?"

"उद्या देते, सर."

सरांना आता पंचाहत्तरावे वर्ष लागले आहे. त्यांची प्रकृती अशीच ठणठणीत राहो. माझ्या विद्यार्थिनीचे सूत्र खोडणारे कुणीतरी येईलच. त्या दिवशीही पहिल्या बाकावर, वही उघडून बसलेले सर आम्हाला हवे आहेत.