मामांची थर्ड शिफ्ट

माझ्या मामेसासऱ्यांच्या जवळ आपणहून जाईल असा जीव परमेश्वराने निर्माणच केला नव्हता, आणि यात मी माणसंही धरतो. मामा राहतात ती कळंबोलीशेजारची सगळी रोडपाली कबुतरांनी हैराण झालेली असताना मामांच्या गॅलरीत कधी पीससुद्धा पडलं नाही. खालच्या मजल्यावरच्या बाई त्यांना अधूनमधून आपल्या गॅलरीत चहाला बोलवायच्या, ते काही पाहुणचारासाठी नव्हे. माझ्या मुलाच्या बारशाला मामांनी बाळाला कौतुकाने नुसतं 'काय म्हणतोस?' असं विचारलं, तर पाहुणे पांगेपर्यंत ते रडत राहिलं. दोष सगळा आवाजाचा. तळोज्याच्या केमिकल कंपनीत मामांची हयात बॉयलरशेजारी शिफ्ट करण्यात गेली, आणि बॉयलरच्या वरताण बोलायची सवय रिटायर झाल्यावरही सुटली नाही. एका लग्नात त्यांनी माझ्या कानाशी लागून 'मठ्ठा पातळ झालाय' असं सांगितलं, तर आचारी पळी घेऊन बाहेर आला. मनाने माणूस लोण्यासारखा मऊ, पण त्या लोण्यापर्यंत पोचायला कोणी थांबतच नसे.

अशा माणसाच्या घरी त्यांच्या मुलीने, रेवाने, शुगर ग्लायडरची जोडी आणून ठेवली. तेव्हा हे प्राणी पाळायचं खूळ नवीन होतं. मुठीत मावेल एवढा करडा जीव, पाठीवर काळा पट्टा, तोंडापेक्षा डोळे मोठे, आणि पुढच्या पायापासून मागच्या पायापर्यंत कातडीची झालर. उडी मारून ती झालर पसरली की स्वारी हवेत तरंगत जाते. दिवसभर झोपायचं आणि दिवे लागले की उठायचं, असा त्यांचा दिनक्रम. रेवा कामोठ्याला राहायची; तिला कंपनीने बंगळूरला पाठवलं. गणपतीला येईन तेव्हा ही जोडी एका मैत्रिणीला देऊन टाकणार आहे, तोवर आईने सांभाळावी, असं ती म्हणाली. आणि जाता जाता वडिलांना म्हणाली, "बाबा, तुम्ही लांबच राहा. ती तुमच्याजवळ यायची नाहीत."

तिने ते सहज म्हटलं होतं. पण मामांना ते लागलं. त्या संध्याकाळी त्यांनी मला फोन करून सांगितलं, "जावईबापू, गणपतीपर्यंत ही दोघं माझ्या अंगाखांद्यावर खेळली नाहीत तर बघा." त्यांच्या फोनला मोबाइल कंपनीची फारशी गरज नसते, त्यामुळे ही प्रतिज्ञा बहुधा कळंबोलीपर्यंत सर्वांना कळली.

मग सुरू झाली मामांची साधना. रेवाने ठेवलेली कुकी आणि ब्राउनी ही नावं पहिल्याच दिवशी रद्द होऊन बंडू आणि चिंगी ही नावं लागली. रात्रपाळीची म्हणून दोघांना मिळून मामा 'थर्ड शिफ्ट' म्हणत. हे प्राणी माणसाला वासाने ओळखतात आणि दिवसा त्याच्या छातीशी झोपवले की त्याचे होतात, असं प्राण्यांच्या डॉक्टरांनी सांगताच मामांनी आपल्या आईची जुनी, खणाची चंची ट्रंकेतून काढली. जिच्यात उभा जन्म पान, सुपारी आणि कात नांदला, ती चंची धुऊन-वाळवून तिच्यात बंडू-चिंगींची स्थापना झाली आणि ती मामांच्या गळ्यात लटकू लागली. बँकेत चंची, भाजीला चंची. दारावर मासळी विकायला येणाऱ्या उरणच्या मावशींना वाटलं, काका पान खायला लागले. त्यांनी हक्काने एक पान मागितलं. मामांनी अभिमानाने नाडी सैल केली. मावशींनी आत डोकावून पाहिलं, सावकाश टोपली उचलली आणि म्हणाल्या, "काका, तुमच्या पानाला डोले हायेत. मना नको."

वास बदलायला नको म्हणून मामांनी पावडर सोडली, वासाचा साबण सोडला आणि एक बनियन मामींच्या हाती लागू देईनासे झाले. मामी म्हणत, लग्न झाल्यापासून तपकिरीच्या वासाची तक्रार करतेय ती यांनी ऐकली नाही, आणि या उंदरांनी न सांगता तपकीर सुटली. पपईच्या फोडी, अंड्याचा बलक, वर कॅल्शियमची पावडर, असं ताट मामा स्वतः वाढत. 'माझ्या गुडघ्यांच्या कॅल्शियमची गोळी मात्र यांना कधी आठवली नाही', हे मामींचं आणखी एक म्हणणं.

दिवेलागणीला मामा पलंगावर मच्छरदाणी लावून आत दोघांना सोडत आणि मध्ये मांडी घालून बसत. धरायचं नाही, बोलवायचं नाही, नुसतं बसायचं. त्यांना वाटलं तर ती येतील. मच्छरदाणीतले मामा ज्याने पाहिले त्याला त्यांनी संन्यास घेतल्यासारखं वाटे. बंडू भोळा, तो लवकरच खांद्यावर चढला. चिंगी मात्र मामा नुसते खाकरले तरी कोपऱ्यात जाऊन कर्र कर्र करी. तेव्हा मामा खाकरायचे थांबले. मग हळू बोलू लागले. मग इतके हळू बोलू लागले की फोनवर मला 'काय?' असं विचारावं लागे, आणि मामांना असं विचारण्याची पाळी माझ्यावर येईल हे मला कोणी ज्योतिषाने सांगितलं असतं तरी पटलं नसतं. पण गणपती आले तरी चिंगी काही आपणहून छातीवर आली नाही.

रेवा आली. संध्याकाळच्या आरतीची तयारी चालली होती, माणसं येत-जात होती म्हणून बाहेरचं दार सताड उघडं होतं. रेवाने बोटाला मध लावून चिंगीला हातावर घेतलं आणि आता ही मैत्रिणीकडे सुखात राहील असं काहीसं म्हणाली. मामा समोरच्या खुर्चीत बसले होते. तेवढ्यात शेजारच्या घरात आरती सुरू झाली आणि झांजांचा एकदम दणदणाट झाला. चिंगी रेवाच्या हातातून उसळली ती थेट पडद्याच्या दांडीवर. दांडीशेजारी ते उघडं दार. बाहेर जिना, रस्ता, मांजरं. आता ती गेली तर हाती लागणं अशक्य होतं.

रेवा मधाचं बोट वर करून हाका मारू लागली. मी दाराकडे जायला निघालो तर मामांनी मला डोळ्यांनी थांबवलं. एरवी अशा वेळी त्यांच्या एका आरोळीने भिंतीवरचं कॅलेंडर हललं असतं. त्यांनी शर्टाची बटणं सोडली, ते कळकट बनियन उघडं केलं, आणि मच्छरदाणीत बसत तसे बसून राहिले. हाक नाही, हात पुढे नाही. चिंगीने दाराकडे पाहिलं, रेवाकडे पाहिलं. मग झालर पसरली आणि ती गणपतीच्या मखरावरून, आरतीच्या ताटावरून तरंगत आली आणि चारी पायांनी मामांच्या छातीला चिकटली.

मला वाटलं, आता रोडपाली हादरणार. पण आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या विजयाच्या वेळी या माणसाला ओरडायची सोय उरली नव्हती. आनंदाने त्यांचा चेहरा लाल झाला होता, आणि ते फक्त पुटपुटले, "आली बघ." त्या वर्षी आमची आरती इतकी हळू झाली की शेजारी काळजीने चौकशी करून गेले.

आरतीनंतर रेवा वडिलांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसली. मैत्रिणीचा विषय तिने पुन्हा काढला नाही. ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला इतकं हळू बोलता येतं?"

मामा चिंगीच्या पाठीकडे पाहत म्हणाले, "तू लहान होतीस ना, तेव्हा मी शिफ्टवरून आलो की तू दाराआड लपायचीस. मग मी तुला मोठ्याने हाका मारायचो. नुसतं बसायचं असतं, हे मला कोणी सांगितलंच नाही गं."

रेवाने आपलं डोकं त्यांच्या मांडीवर ठेवलं, आणि मामांनी तिला हात लावला नाही, थोपटलंही नाही. मला त्या क्षणी त्या कर्णकर्कश माणसाबद्दल इतकी माया वाटली की मी उगाच उठून निरांजनातली वात सारखी करू लागलो. आतून मामी पानं वाढल्याचं सांगत राहिल्या. मामा तसेच बसून राहिले, आणि मोदक गार झाले.