विहिरीवरची बैठक

देशाची घटना नव्याने लिहायला सभा भरवायची झाली, तर ती बोलवायचा हक्क कोणाचा? संसदेचा की लोकांचा? कायद्याच्या परीक्षेसाठी हा प्रश्न मी घोकत होते आणि मला तो भयंकर कंटाळवाणा वाटायचा. गुढीपाडव्याला गावी, सुलतानपूरला आले, तर तोच प्रश्न आमच्या विहिरीवर येऊन बसलेला.

विहीर भाऊबंदांची, सामाईक. पाण्याच्या पाळ्या आजोबांनी सगळ्या हिस्सेदारांना एकत्र बसवून ठरवलेल्या. त्या सकाळी काकांनी दर पाडव्यासारखी विहिरीची पूजा केली आणि तिथेच बैठक घेऊन सगळ्या पाळ्या मोडून नव्या बांधल्या. ज्याचं शेत मोठं, त्याला पाणी जास्त. वडील गेल्यापासून माय एकटीच वांग्यांचा मळा करायची. तिच्या वाट्याला उरलं ते एवढंसं पाणी, ऐन उन्हाळ्यात मळा जळालाच असता.

विधवेला पाडव्याच्या पूजेला बोलवत नाहीत, म्हणून बैठकीलाही कोणी बोलावलं नव्हतं. माझं डोकंच फिरलं. तशीच काकांच्या ओसरीवर गेले. सगळे हिस्सेदार जेवून पान चघळत बसले होते.

"काका, मायले काऊन नाही बोलावलं?"

"पूजेले कसं बोलावणार? बाकी सारे होते. साऱ्यायनं हो म्हटलं."

"मंग पूजा झाली म्हणा, बैठक नाही. एखादी पाळी मागंपुढं करणं येगळं. सारंच नव्यानं बांधाचं तं सारे हिस्सेदार पाह्यजेत."

"दोन बुकं शिकली तं आमाले कायदा शिकवून राह्यली!"

"हाव, शिकवून राह्यली. बैठक पुन्हा बोलावल्याबिगर उठत नाही मी."

मी तिथेच मांडी ठोकली. शेवटी एक म्हातारे हिस्सेदार म्हणाले, "पोरगी खोटं नाही बोलत. इच्या आज्यानं पाळ्या बांधल्या तवा एकालेही सोडलं नव्हतं." काका धुसफुसले, पण ऊन उतरल्यावर सगळ्यांना परत विहिरीवर बोलावलं.

पाडव्याच्या दिवशी त्या हळदीकुंकवाच्या जागी माय येईल, याची मलाच खात्री नव्हती. ती आली. वडील बसायचे त्याच दगडावर बसली.

"मी आली. आता घ्या बैठक," ती म्हणाली. "माही पाळी मी सोडत नाही."

तिच्या होकाराशिवाय नव्या पाळ्या बांधता येईनात; आजोबांनी ठरवलेली एकही पाळी बदलली नाही. पुढच्या पाडव्याला सकाळीच काका आमच्या दारात उभे.

"वहिनी, चला. तुमच्याबिगर बैठक भरत नाही."